गोमेच्या अंड्यांचं स्पिरिट

आमच्या केंद्रात चांगल्या स्पिरिटच्या बाटलीवर 'विष' असं लिहायची पद्धत होती. ही पद्धत मी सुरू केली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ती जुनीच होती. बाटलीवर तिचं खरं नाव लिहिलं तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नसे. चौकीदार, सुतार, जंगलखात्याचे पाहुणे, सगळ्यांचाच घसा कोरडा. म्हणून कोणा शहाण्यानं 'विष' लिहून वर एक कवटी काढली. चार दिवस लोक घाबरले. पाचव्या दिवशी सुतारानं चव घेतली, मेला नाही, उलट गात घरी गेला. झालं. तेव्हापासून कवटी म्हणजे आतला माल उत्तम, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं. तरी आम्ही लिहीत राहिलो. निदान वरून आलेले साहेब तरी त्या बाटलीपासून लांब राहायचे.

मी बुरुल. कारा-आर्चा गावाच्या वर, अक्रोडाच्या जंगलात ते केंद्र होतं. मी तिथं प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि माझा नवरा तोलोन केंद्राचा ट्रक चालवायचा. आमच्यावर होत्या एम्मा कार्लोव्ना. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं देशातल्या ज्या जर्मन वंशाच्या लोकांना उचलून आमच्याकडे आणून टाकलं त्यांच्यातल्या. आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या, आता केस पिकले होते. आम्ही त्यांना एम्मा एजे म्हणायचो, म्हणजे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. सतरा वर्षं ही बाई एकच काम करत होती. गोमेच्या अंड्यात गोम कशी तयार होते, ते बघायचं.

लोक हसायचे. मीही पहिली दोन वर्षं हसले. पण एकदा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की हसू पळतं. मे महिना लागला की आम्ही कुजलेल्या ओंडक्यांखाली, ओल्या पाल्याखाली अंडी शोधायचो. मादी अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं घालून बसलेली असते. खात नाही, पीत नाही, दिवसभर अंडी चाटून साफ ठेवते. तिला काढून घेतलं तर दोन-तीन दिवसांत अंड्यांना बुरशी चढते. आणि तिला नुसता धक्का लागला तरी घाबरून ती स्वतःच अंडी खाऊन टाकते. त्यामुळे ओंडका उलटवायचा तो श्वास रोखून.

अंडं म्हणजे पहिले काही दिवस नुसता पिवळट दाणा, राळ्याएवढा. मग एका बाजूला दुधट डाग उठतो. डाग लांबून पट्टी होते. पट्टीच्या एका टोकाला डोकं ठरतं आणि तिथून मागे आडव्या रेघा उमटत जातात. एक रेघ म्हणजे शरीराचा एक खंड, आणि एका खंडाला पुढे पायांची एक जोडी. शेपटाकडचं टोक कोरंच राहतं, ते वाढत मागे सरकतं आणि जाताना रेघा सोडत जातं. सगळ्या रेघा झाल्या की पट्टी मधोमध दुमडून बलकात बुडते. आमच्या गोमेच्या पायांच्या जोड्या मोजल्या तर सत्तेचाळीस येतात, एकोणपन्नास येतात. अठ्ठेचाळीस कधीही येत नाहीत. जोड्या नेहमी विषम का, हा एम्मा एजेंचा प्रश्न. त्यांना वाटायचं, रेघा एकेक येत नसून दोन-दोन येत असणार. ते सिद्ध करायचं तर प्रत्येक टप्प्याचं अंडं हवं. चार रेघांचं, नऊ रेघांचं, वीस रेघांचं, असं ओळीनं.

ती ओळ त्यांच्या कपाटात होती. स्पिरिटनं भरलेल्या छोट्या छोट्या शहाऐंशी बरण्या, सतरा वसंतांची कमाई. मध्ये दोन बरण्या तेवढ्या रिकाम्या. त्या टप्प्यावर अंड्याचं कवच गर्भाला असं चिकटलेलं असतं की सुईनं सोलायला गेलं की गर्भ फाटतो. त्या दोन बरण्यांत काय येतं यावर सगळं अडलं होतं.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात लेनिनग्राडच्या कोणा ओळखीच्यानं त्यांना कळवलं की मेथिलमध्ये अंडी जोरात हलवली की कवच आपोआप सुटतं. सोबत एक लिटरची बाटलीही पाठवली. मेथिल म्हणजे लाकडी स्पिरिट. रंग तोच, वास जवळजवळ तोच. पोटात गेलं की आधी डोळे जातात, मग माणूस.

ते खोकं रेल्वेवरून तोलोननंच ट्रकमधून आणलं. शुक्रवारची दुपार होती. एम्मा एजे म्हणाल्या, "बुरुल, हिच्यावर नीट लिही. नाव लिही."

"नाव कोण वाचतंय इथं एजे? विष लिहिते."

"विष तर तू सगळ्यांवरच लिहितेस."

बरोबर बोलल्या होत्या. मी विचार केला आणि स्वतःवर खूश होत लाल शाईनं लिहिलं, 'खरोखर विष', आणि खाली एकाऐवजी दोन कवट्या काढल्या. तोलोन खोकं फोडत उभा होता. तो मान तिरकी करून बघायला लागला.

"दोन कवट्या! म्हणजे दुप्पट कडक?"

"हात लावू नकोस हं. हे खरंच विष आहे."

"आणि मागचं काय होतं? तेव्हाही तू असाच चेहरा केला होतास."

"मागचं वेगळं, हे वेगळं. हे प्यायलं की माणूस आंधळा होतो."

"तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच झालो की." असं म्हणून तो हसला, आणि मीही हसले. खोटं कशाला सांगू? मला हसू आलं. पाच मिनिटं खाली बसवून सांगायला हवं होतं. पण बारा वर्षं मी त्याला प्रत्येक बाटलीबद्दल हेच सांगत आले होते, तेव्हा माझ्या शब्दाला किंमत ती किती राहिली असेल?

त्या वर्षी सरकारकडून दारूवर जवळजवळ बंदीच आली होती. दुकानातली वोडका गेली, गावातल्या मधमाशीवाल्याची भट्टी पोलिसांनी एप्रिलमध्ये फोडली, लोक अत्तर प्यायला लागले होते. तोलोन काही अट्टल दारुडा नव्हता. पण घोटभर मिळाली तर नको म्हणणाराही नव्हता.

शनिवारी एम्मा एजे आणि मी दिवसभर जंगलात होतो. पाऊस कोसळला, खालच्या नाल्याला चिखलाचा लोंढा आला आणि शहराकडचा रस्ता तोडून गेला. आम्हाला मात्र हवी तशी अंडी मिळाली म्हणून आम्ही खुशीत. संध्याकाळी घरी आले तर हा भिंतीशी तोंड करून झोपलेला. तोंडाला वास. मी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि भाकरी भाजायला बसले. कुठली प्यायला हे विचारावंसं सुद्धा वाटलं नाही.

रविवारी सकाळी तो डोकं धरून उठला. चेहरा मातीसारखा.

"बुरुल, कोंबड्यांच्या खुराड्यात गवताखाली एक बाटली आहे. तेवढी दे ना."

मला माहीत होती ती. मधमाशीवाल्याकडची घरगुती दारू, भाच्याच्या सुंतेसाठी राखून ठेवलेली.

"का? काल पोट भरलं नाही?"

"डोकं फुटतंय गं. एक घोट घेतला की उतरेल. सगळेच घेतात की सकाळी."

"सगळे खड्ड्यात जातात, तूही जा."

"बुरुल, मस्करी नाही. आज वेगळंच वाटतंय. एक घोट दे."

त्यानं असं अजीजीनं कधी मागितलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. वाटलं, आज दिली तर जन्मभर द्यावी लागेल. मी खुराड्यातून बाटली काढली, त्याच्या डोळ्यांदेखत दारात नेली आणि पाटाच्या पाण्यात उलटी केली. शेवटचा थेंब झटकला. तो पुन्हा आडवा झाला. मला वाटलं, चला, एकदाचा धडा मिळाला.

दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. मी बादली ठेवली आणि वर टोमणाही मारला. तेवढ्यात तो दाराकडे बघत म्हणाला, "बर्फ पडायला लागला का?"

"मे महिन्यात? अजून उतरली नाही वाटतं."

"सगळं पांढरं दिसतंय. तू कुठं आहेस?"

मी त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

तिथून केंद्रापर्यंतची चढण मी कशी चढले, मला आठवत नाही. बाटल्यांचं कपाट उघडलं. दोन कवट्यांची बाटली शुक्रवारी मी गळ्यापर्यंत भरलेली पाहिली होती. आता ती चांगली दोन पेले खाली होती. झाकण मात्र नीट लावलेलं, पुसून ठेवलेली. नीटनेटका माणूस होता. मी तिथंच खाली बसले आणि ओरडायला लागले. एम्मा एजे धावत आल्या. मी फक्त बाटलीकडे बोट दाखवलं.

गावात डॉक्टर नव्हता. इमामिदिन नावाचा उझबेक कंपाउंडर होता, त्यालाच सगळे डॉक्टर म्हणायचे. त्यानं तोलोनच्या डोळ्यांत बॅटरी मारली, श्वास मोजला, मग कचेरीतल्या फोनवरून जिल्ह्याच्या इस्पितळाशी बोलून आला.

"रस्ता मंगळवारशिवाय उघडत नाही. तोपर्यंत यावर उतारा एकच, चांगलं स्पिरिट. ते पोटात असलं की मेथिल अंगात भिनायला उशीर लागतो. आता एक पेला, मग दर तासाला थोडं थोडं, दोन दिवस. आणि खायचा सोडा पाण्यातून. स्पिरिट आहे ना तुमच्याकडे?"

स्पिरिटची शेवटची बाटली आम्ही आठवड्यापूर्वी बरण्या भरायला वापरली होती. नवीन यायची होती. इमामिदिनच्या दवाखान्यात इंजेक्शनपूर्वी पुसायला असतं तेवढंच, बोटभर. गावात तो दारोदार फिरला. पोलिसांच्या भीतीनं लोकांनी आधीच सगळं ओतून टाकलं होतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनी नाही म्हणून सांगितलं. घोड्या अजून व्यायच्या होत्या, मग त्यांच्या आंबवलेल्या दुधाची कुमिस तरी कुठून असणार?

एम्मा एजे आमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी इमामिदिनला विचारलं, "सत्तर टक्क्यांचं चालेल?"

"पळेल! कुठं आहे?"

त्या उत्तर न देता वर गेल्या. मीही मागोमाग. त्यांनी बरण्यांच्या कपाटाची किल्ली गळ्यातून काढली. मला कळलं आणि मी त्यांचा हात धरला. म्हणजे बघा, माझा नवरा तिकडे मरतोय आणि मी बरण्यांसाठी हात धरते. इतकी वर्षं मीच त्या भरल्या होत्या, मीच पुसल्या होत्या.

"सोड," त्या म्हणाल्या. "पातेलं आण आणि जाळीचं फडकं. या डाव्या बाजूच्या नऊ नकोत, त्यांत फॉर्मलिन आहे. बाकीच्या सगळ्या तीनदा धुतलेल्या आहेत."

प्रत्येक बरणी त्यांनी आधी हुंगली, मग फडक्यावर ओतली. स्पिरिट पातेल्यात गळालं आणि गर्भ फडक्यावर राहिले. पाय फुटलेले, दुमडलेले, मोठे गर्भ आधी, कारण तसे पुन्हा मिळाले असते. पहिल्या पेल्याला सहा बरण्या लागल्या. तोलोन तो पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"हे काय आहे?"

"औषध."

"काहीतरी मेल्याचा वास येतोय."

"गोमेची अंडी ठेवली होती त्यात," मी म्हणाले. लपवून काय करणार?

"मग मला आता शंभर पाय फुटणार," तो म्हणाला. "एक-दोन मोडले तरी चालेल. गोम काही एका पायानं लंगडी होत नाही." एवढं बोलून त्याला परत उलटी झाली. अर्धं बाहेर आलं. एम्मा एजेंनी आणखी तीन बरण्या उघडल्या.

रात्रभर असंच चाललं. दर तासाला तीन बरण्या, दोन पेले सोड्याचं पाणी. मी चमच्यानं पाजायची, इमामिदिन नाडी धरून बसायचा, एजे वर-खाली करायच्या. गर्भ त्यांनी मिठाच्या पाण्यात ठेवून बघितले, पण असे ते टिकत नाहीत. सोमवारी उजाडलं तेव्हा वीस रेघांचे, पंधरा रेघांचे, नऊ रेघांचे, सगळे एका ताटलीत एकमेकांत मिसळलेले, पांढरे पडून फुगलेले. कुठला कितव्या टप्प्याचा ते आता देवालाही सांगता आलं नसतं. कपाटात फक्त मधल्या दोन रिकाम्या जागांच्या अलीकडच्या-पलीकडच्या बरण्या उरल्या होत्या. सगळ्यात दुर्मिळ. सकाळी दहाला एजे त्याही घेऊन आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

सोमवारी सकाळी तोलोनला थोडं बरं वाटत होतं. श्वास शांत होता, शब्द स्पष्ट होते. दिसत मात्र काहीच नव्हतं. इमामिदिननं कागद काढला. पोलीस येणार, लिहून ठेवणं भाग होतं.

"कधी प्यायलास?"

"शनिवारी. जेवणानंतर."

"किती?"

"दोन पेले. छोटे."

"आणि रविवारी सकाळी काय घेतलंस? उतारा घेतला असशीलच."

"नाही."

इमामिदिननं पेन थांबवलं. "काहीच नाही? अरे, तुमच्यासारखे तर उशीखाली ठेवून झोपतात. घेतला असतास ना तोलोन, पेलाभर जरी, घरची कसलीही, तरी आपल्याला सहा-सात तास मिळाले असते. डोळेही वाचले असते कदाचित. नेमकं त्याच दिवशी कसं सुचलं नाही तुला?"

मी त्याच्या उशाशी चमचा घेऊन बसले होते. त्यानं मान वळवली. मी दाराजवळ आहे असं त्याला वाटलं असावं, कारण तो दाराकडे तोंड करून बोलला.

"इच्छाच नव्हती. घरात होतीही नाही. मागितलीच नाही मी."

इमामिदिननं तसं लिहिलं. मी तोंड उघडलं नाही. चमच्यात स्पिरिट भरलं आणि त्याच्या ओठांना लावलं. त्यानं ते घेतलं, आणि चाचपडत माझं मनगट धरलं, थोडंसं दाबलं. ते माफी म्हणून होतं की गप्प बस म्हणून होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी गप्प बसले, एवढं खरं.

दुपारनंतर श्वास पुन्हा जोरात चालायला लागला, जसा चढण चढणाऱ्या माणसाचा चालतो. चार वाजता तो गेला. शेवटची बरणी तशीच उरली होती. एम्मा एजेंनी ती उचलली, प्रकाशात धरून आत बघितलं आणि माझ्या खिडकीत ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनी गोमा शोधल्याच नाहीत. चौकशीला आले त्यांना त्यांनी लिहून दिलं की बाटलीवर काय लिहायचं ते मीच नीट सांगितलं नव्हतं. त्यावरून त्यांची बदली झाली. म्हणजे एक सोडून दोन माणसं माझ्यासाठी खोटं बोलली.

तोलोनची आई, तुर्दुबू-आपा, मंगळवारी रस्ता उघडल्यावर खालच्या गावाहून आली. मयतासाठी दारात उभारलेल्या तंबूत बायकांचा आक्रोश चालला होता. म्हातारी रडली नाही. माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. आमच्यात मरणारा माणूस शेवटी काय मागतो ते विचारून घेतात, आणि चाळिसाव्या दिवसाच्या आत ते त्याच्या नावानं करतात. कोणी घोडा सोडतं, कोणी पोराला शिकवतं. मागणं राहिलं तर माणूस तिकडेही अस्वस्थ राहतो म्हणतात.

"सुनबाई, तू शेवटपर्यंत होतीस म्हणे. जागची हलली नाहीस, सगळं गाव सांगतंय. देव तुझं भलं करो." मग ती म्हणाली, "सांग मला. माझ्या लेकरानं काही मागितलं का गं?"

सगळ्या बायका रडायच्या थांबल्या, ऐकायला.

मी म्हणाले, "पाणी."

"दिलंस?"

"दिलं."

म्हातारीनं सुटकेचा श्वास टाकला. तिच्याकडे एक गाय होती, ती तिनं विकली. वरच्या झऱ्याला लोखंडी नळी लावून तिनं ते पाणी आमच्या घरापाशी रस्त्याकडेला आणलं, खाली दगडी कुंडी बांधली आणि वर त्याचं नाव कोरून घेतलं. चाळिसाव्या दिवशी पाणी सुरू झालं. आता त्याला तीस वर्षं होऊन गेली. जंगलात अक्रोड वेचायला जाणारी माणसं, ट्रकवाले, शाळेतली पोरं, सगळी तिथं थांबतात, ओंजळीनं पितात आणि तोलोनला दुवा देतात. मीही तेच पाणी भरते. दुसरं जवळ नाही.